तीन अक्षरांची गोफण

शाओशिंग सन चार, आठवा महिना, पौर्णिमा उलटल्यावर
लिनान

रुइलान,

आशीर्वाद आधी घेऊन टाक. पुढे रागावणार आहे, मग द्यायचे राहून जातील.

तुझे पत्र पोचले. त्यात सासूबाईंचा खोकला आहे, खारवलेल्या मुळ्याची कृती आहे, शेजारच्या सुनेचे बाळंतपण आहे आणि सगळ्यात शेवटी, कागद उरला होता म्हणून, 'उत्तरेचे घोडेस्वार नदीपलीकडे दिसू लागलेत म्हणे' अशी अर्धी ओळ आहे. लहानपणी विहिरीत पडलीस तेव्हाही तू वर आल्यावर आधी जोडा कुठे गेला तेच सांगितले होतेस.

इथे राजधानीत या अर्ध्या ओळीवर मोठी खळबळ आहे. तांदूळ महाग झाला, कविता स्वस्त झाल्या. जो तो उत्तरेकडे तोंड करून उसासे टाकतो आणि दक्षिणेकडे घर बघतो. मी उसासे न टाकता एक नाव ठरवली आहे. नावाडी ओळखीचा आहे. दारू पितो, पण फक्त काठावर असताना. महिनाअखेर तो शाकोच्या घाटाला लागेल. हंगशीहून तिथवर यायला एक दिवस पुरे. तू ये, सासूबाईंना आण, आणि ती पिंजऱ्यातली भांडखोर मैनाही आण. आमच्या मेहुण्यांना सरकार सोडणार नाही हे मलाही समजते. यंत्रशाळेचा प्रमुख ऐन वेढ्याच्या तोंडावर बायकोच्या भावाकडे राहायला गेला, हे बरे दिसणार नाही. पण यंत्रशाळेच्या प्रमुखाची बायको हे काही सरकारी यंत्र नव्हे.

त्यांचे ते गोफणयंत्र मला अजून उमगलेले नाही. मागल्या वसंतात त्यांनी जेवताना वाडग्यावर काडी आडवी ठेवून दाखवले होते, आणि सोयाबीनचा दाणा माझ्या चहात पडला. तत्त्व कळले. लांब दांडा, एका टोकाला झोळी, झोळीत धोंडा. दुसऱ्या टोकाला दोर, दोरांना माणसे. माणसे ओढतात, धोंडा उडतो. इथवर ठीक. पण हे यंत्र भिंतीवर न ठेवता भिंतीच्या आत, खाली पटांगणात ठेवणार म्हणतात. ज्याला समोर भिंतीखेरीज काही दिसत नाही, त्याने धोंडा मारायचा कुणाला? समोरचे काही न दिसणारे पंडित आमच्या मठातही पुष्कळ आहेत, पण ते निदान दगड फेकत नाहीत.

मी पूर्वीइतकाच निरुपयोगी आहे. नवशिक्या भिक्षूंना संस्कृत शिकवतो. धारणी-मंत्राच्या शेवटी 'स्वाहा' म्हणायचे तिथे ते अजून 'सा-पो-हो' म्हणतात. आपल्या लिपीत जोडाक्षर मावत नाही, म्हणून कुणा जुन्या भाषांतरकाराने एका शब्दाच्या जागी तीन अक्षरे मांडली, आणि सगळा देश तेव्हापासून तीन अक्षरे म्हणत बसला आहे. दोन अक्षरांच्या शब्दाला तिसरे कुठून फुटले, असे मी थोरल्या महंतांना विचारले. ते म्हणाले, "श्रद्धा असली की ऐकू येतं." मी म्हटले, मला ऐकू येते हीच तर तक्रार आहे.

उत्तर नको, माणसे पाठव.

तुझा दादा


नववा महिना, शेवंतीचा सण झाल्यावर
हंगशी

दादा,

तुझी नाव आली आणि रिकामी परत गेली. नावाड्याला सुके मासे दिलेत, तेवढेच पोचतील.

सासूबाई येत नाहीत. म्हणतात, "पहिल्यांदा पळालो तेव्हा तुझे सासरे गेले. दुसऱ्यांदा पळालो तेव्हा उत्तरेचं घर गेलं. आता माझ्याजवळ घेऊन पळण्यासारखं काही राहिलेलं नाही." त्यांना इथे टाकून ये, असे तू लिहिले नाहीस. लिहिले असतेस तर हे पत्र इथेच संपले असते.

आता तुझी शंका. यंत्र भिंतीवर ठेवले की ते बाहेरून दिसते, आणि दिसले की शत्रूची यंत्रे आधी त्याच्यावरच तुटून पडतात. भिंतीआड ठेवले तर धोंडा येतो कुठून हेच त्यांना कळत नाही. आपल्याला काय दिसते म्हणशील, तर भिंतीवर एक माणूस उभा राहायचा. धोंडा डावीकडे पडला तर तो खाली ओरडतो, खालचे लोक यंत्राचे पाय सरकवतात. लांब पडला तर दोरावरची माणसे कमी करायची, अलीकडे पडला तर वाढवायची. झाले. मी यांना म्हटले, "हे तर भाजीत मीठ घालण्यासारखंच की." हे म्हणाले, "तसंच. फक्त पाहुणे मेले पाहिजेत."

आणि माणसांवर टाकायला दगड नाहीतच, चिकणमातीचे गोळे आहेत. आम्ही बायका ते वळतो आणि उन्हात वाळवतो. मला वाटले दगड कमी पडले. तसे नाही. दगड टाकला की तो तिथे पडून राहतो, आणि पलीकडचे लोक तोच उचलून आपल्यावर टाकतात. मातीचा गोळा ज्याला लागायचा त्याला पुरता लागतो आणि जमिनीवर फुटतो. परत पाठवण्यासारखे काही उरत नाही. दादा, मी या माणसाबरोबर इतकी वर्षे संसार केला. हे गप्प बसलेले असले की मला वाटायचे, जेवायला काय आहे याचा विचार चाललाय.

अडचण यंत्राची नाही, तोंडाची आहे. पुरुष बहुतेक भिंतीवर लागणार, म्हणून दोरांवर आम्ही. निम्म्या उत्तरेहून पळून आलेल्या, निम्म्या इथल्या. सगळ्या दोरांना एकाच क्षणी हिसका बसला तर दांडा नीट उठतो, नाहीतर नाही. छ्वे काकू आमच्या मुकादम, अस्सल उत्तरेच्या, आवाज खणखणीत. त्या 'ओढा' म्हणतात तो शब्द इथल्या बायकांना 'थांबा' असा ऐकू येतो. परवा निम्म्यांनी ओढले आणि निम्म्यांनी दोर सोडून घाम पुसला. धोंडा सरळ वर गेला. सगळ्या माना वर करून उभ्या.

"कुठं गेला?"

"येईल की."

आला तो मामलेदारसाहेबांच्या लोणच्याच्या रांजणावर. मग एका इथल्या बाईला मुकादम केले, तर छ्वे काकू म्हणाल्या, "ही बोलतेय का शिंकतेय तेवढं आधी ठरवा."

नगारा वाजव म्हणशील. नगाऱ्याचे सगळे ठोके आधीच वाटून गेलेत. एकाला वेस बंद होते, दुसऱ्याला सगळे गाव भिंतीकडे धावते. घंटांचेही तेच. तेव्हा शब्दच हवा, आणि असा हवा की तो उत्तरेचा नाही, दक्षिणेचा नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. असल्या उठाठेवीत जन्म घालवलेला आमच्या ओळखीत एकच माणूस आहे. लवकर लिही. नदीपलीकडे आता धूळ नाही, तंबू दिसतात.

रुइलान


नववा महिना, सरता पंधरवडा
लिनान

रुइलान,

आजवरच्या आयुष्यात मला कुणी कामाचा प्रश्न विचारला नव्हता. घाईघाईने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

आधी मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. मातीच्या गोळ्याची गोष्ट मी मठात सांगितली. तर्कशास्त्राचे दोन आचार्य ऐकत होते, प्रतिपक्षाला उलट वापरता येणार नाही असा मुद्दा कसा मांडावा यावर ज्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. दोघांनीही ती लगेच उतरवून घेतली. मी इतक्या वर्षांत त्यांना असे पाहिलेले नाही.

आता शब्द. तो उत्तरेचा नको, दक्षिणेचा नको, तर पश्चिमेचा घे. भिक्षुणी असो की भाजीवाली, दिवा लावताना जी धारणी म्हणते तिचा शेवटचा शब्द. तो कुठल्याच बोलीचा नाही, म्हणून सगळ्यांचा आहे. इतके सोपे उत्तर सुचल्याचा मला थोडा गर्व झाला आहे, तो तू उतरवशीलच.

मात्र 'सापोहो' नव्हे. याला शास्त्र आहे आणि व्यवहारही. शास्त्र असे की मंत्राचे बळ उच्चारात असते. व्यवहार असा की तीन अक्षरे म्हटली तर ओढायचे कोणत्या अक्षरावर यावरून तुमच्या बायका भांडतील. 'स्वाहा'त अक्षरे दोनच, दोन्ही गुरू. 'स्वा' म्हणताना छाती भरायची, 'हा' म्हणताना ओढायचे. जोडाक्षर असे म्हणायचे: जीभ दातांमागे, ओठ गोल, आणि 'स' व 'वा' यांच्या मध्ये कुणालाही शिरू द्यायचे नाही. 'सु' नाही, 'सो' नाही, 'सा' तर नाहीच नाही. ज्यांना जमेल त्यांना पुढच्या दोरांवर उभे कर.

मंत्र म्हणून माणसांवर धोंडे टाकावेत का, हेही विचारून ठेवले. तुझ्या गावातला कुणीतरी हे विचारणारच. थोरल्या महंतांनी जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "भिंतीच्या आत माणसं किती आहेत?" मी अंदाजाने सांगितले. "मग त्यांना सांग, जोरात म्हणा."

वाटा बंद होतील असे सगळे म्हणतात. मी इथेच आहे. काळजी करत नाही. मला तेवढा मोकळा वेळ नसतो.

तुझा दादा


दहावा महिना
हंगशी

दादा,

मेणाच्या गोळीत मावेल तेवढेच लिहिते. मा आठवा नावाचा कोळी ही गोळी गालात धरून नदीतून बुडी मारत नेतो.

वेढा पडला. तुझे जोडाक्षर इथे कुणाच्या तोंडात बसले नाही. उत्तरेच्या 'सु-वा-हा' म्हणतात, इथल्या 'सो-हा'. शुद्ध म्हणतात त्या एकट्या छ्वे काकू. पहिल्याच दिवशी दोर वाकडेतिकडे ओढले गेले आणि दांडा मोडून पटांगणात कोसळला. मोठे यंत्र आता एकच उरले. बाहेर ते गवताच्या भाऱ्यांनी खंदक भरताहेत आणि भिंतीहून उंच चाकांचा मनोरा बांधताहेत. तो भिंतीला टेकला की आम्ही संपलो.

हे बरे आहेत, कामात आहेत. मी रागावले आहे, पण त्याला जागा नाही.

रुइ


दहावा महिना
लिनान

रुइलान,

मेण थोडे आहे, शहाणपण त्याहून थोडे. जो शब्द माझ्या तोंडात बसायला माझे निम्मे तारुण्य गेले, तो पटांगणभर बायकांना एका पत्राने येईल असे मला वाटले. टाकून दे तो. दुसरा मला सुचत नाही. कुठलाही शब्द घेतला की त्याचे चुकलेले रूप मला आधी ऐकू येते. मेहुण्यांना विचार. त्यांना व्याकरण येत नाही, ते बरोबर सांगतील.

दांडा कोसळला तेव्हा खाली कोण होते ते तू लिहिले नाहीस. पत्र पुन्हा वाचले, तरी नाही.

दादा


अकरावा महिना, पहिले बर्फ पडल्यावर
हंगशी

दादा,

हे पत्र कागदावर आहे आणि मी ते खुर्चीवर बसून लिहिते आहे, यावरून ओळख. वेढा उठला. आम्ही आहोत. मैनाही आहे, आणि तिने वेढ्यात शिकलेले शब्द तुला ऐकवण्यासारखे नाहीत.

आता क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील जोड्याचेच आधी सांगितले.

मनोरा पहाटेचे धुके विरल्यावर निघाला. मी भिंतीवर होते. यांना खाली काम होते, म्हणून वर उभे राहायचे माझ्याकडे आले. खोटे कशाला बोलू, तो पाहून भीती वाटली आणि कौतुकही वाटले. माणसापेक्षा मोठी चाके, आत जिने, वर दोरांनी उचलून धरलेला पूल. सबंध अंग ओल्या कातड्यांनी मढवलेले, म्हणजे आगीचे बाण नुसतेच चरचरून विझायचे. त्यांच्यातही कुणीतरी यांच्यासारखा आहे, जेवताना वाडग्यावर काड्या ठेवणारा. त्याची बायको कुठे असेल असे एकदा मनात आले. मग मनोरा जवळ आला आणि आणखी काही मनात यायला वेळ राहिला नाही.

तुझा शब्द टाकल्यावर नवा कुणी शोधला नव्हता. छ्वे काकू नुसता हात खाली करून खूण करायच्या, पण मागच्या बायकांना हात दिसायचा नाही. त्या सकाळी चाकांचा आवाज आत पटांगणापर्यंत पोचला. बायका भेदरल्या, आणि भेदरल्यावर बाईमाणूस जे म्हणते तेच म्हणू लागल्या. धारणी. कुणी सांगितले नाही. दोर हातात, डोळे मिटलेले. उत्तरेच्या, इथल्या, सगळ्या. मी वरून ऐकत होते. शेवटचा शब्द आला तो देवळात येतो तसाच आला, एकाच तोंडातून निघाल्यासारखा. सा, पो, हो.

दादा, 'सा'ला सगळ्यांचे हात वर सरकले आणि सैल दोर ताठ झाले. 'पो'ला अंगे मागे गेली. 'हो'ला हात सुटले. दांडा असा उठला की मी मनोऱ्याकडे बघायचे सोडून त्याच्याकडे बघत राहिले. तू विचारतोस ना, तिसरे अक्षर कुठून आले? एक दोर ताठ करायला, एक ओढायला, एक सोडायला. तुझ्या दोन अक्षरांत दोर ताठ करायला जागाच नव्हती. सैल दोराला हिसका बसला, म्हणून मोडले.

पहिला धोंडा अलीकडे पडला. मी खाली ओरडले, "दोरावर माणसं वाढवा."

छ्वे काकू खालून, "कुठून वाढवू? आता जन्माला घालू का?"

तेव्हा सासूबाई खोकत उठल्या आणि त्यांनी दोर धरला. त्यांच्यामागून मामलेदारसाहेब आले. काकू त्यांना म्हणाल्या, "साहेब, लोणच्याचा राग आता काढा."

दुसरा डावीकडे गेला.

"पाय सरकवा."

"कुणाचे?"

"यंत्राचे, काकू."

तिसरा मनोऱ्याच्या पुढल्या चाकाच्या आसावर बसला. आवाज उशिरा आला. मनोरा हळूच, एखाद्या म्हाताऱ्याने बसावे तसा, एका बाजूला बसला. त्यांनीच भरलेल्या गवतात त्याचे चाक रुतले, आणि झुकल्यावर कातड्यांखालचे कोरडे लाकूड उघडे पडले. मग भिंतीवरच्यांनी तेलाची मडकी टाकली आणि लांब बांबूच्या नळ्यांतून आग सोडली. आतषबाजीची दारू भरलेल्या त्या नळ्यासुद्धा यांच्याच शाळेतल्या. त्यांतून आग फुंकल्यासारखी पुढे जाते. दुपार कलेपर्यंत मनोरा स्वाहा झाला. हा शब्द मी तुझ्यासाठी शुद्ध लिहिला आहे.

त्यानंतर ते पुन्हा आले, पण शिड्या घेऊन, आणि शिड्यांसाठी आमचे मातीचे गोळे होते. बर्फ सुरू झाले तसे तंबू उठले. आज मी भिंतीबाहेर जाऊन पाहिले. सगळीकडे नुसती ढेकळे, आणि एकही परत पाठवण्यासारखे नाही.

आता तुझे. मा आठवा सांगतो की शाकोच्या घाटावर शेवयांच्या दुकानापुढे टोपी घातलेला एक गृहस्थ रोज बसतो, नदीकडे बघतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे उच्चार सुधारतो. कोळी मंडळी वाट वाकडी करून जायला लागलीत म्हणे. 'लिनान' असे वर लिहिलेस म्हणून काय झाले? लिनानहून पत्र इतक्या लवकर यायचे तर कुणीतरी ते गोफणीतून फेकायला हवे.

घाटावर बसून सर्दी होईल. आता ये. हे बरे आहेत.

रुइलान


अकरावा महिना
हंगशीच्या दक्षिण वेशीवरची चौकी

रुइलान,

मी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर अटकेत आहे.

घाटावर मला सांगितले होते की वेशीवर खुणेचा शब्द विचारतात, आणि तो म्हणजे धारणीचा शेवट. मला हसू आले. देशात या शब्दाची परीक्षा कुठेही घेतली तरी मी नापास होणार नाही, असे मनात आले. पहारेकऱ्याने विचारले. मी सांगितला. माझ्या तोंडून तो जसा निघतो तसा निघाला.

"परत म्हणा."

मी अधिक शुद्ध म्हटला. त्याने भाला आडवा धरला.

"असं बोलणारी माणसं दोनच. एक परमुलखातला हेर. दुसरा तो, ज्याच्या पत्रापायी दांडा मोडला."

मी म्हटले, "दुसरा."

"मग बसा. तुमचं काय करायचं ते वर विचारतो." जाताना त्याने मला गरम पाणी दिले, म्हणजे वैर नाही; पण भाला हलवला नाही, म्हणजे विश्वासही नाही. मी बसून तीन अक्षरे म्हणून पाहतो आहे. 'सा' म्हटले की पुढचा 'व' आपोआप ओठांवर येतो. ज्यांना जमत नाही त्यांना मी आजवर काय काय बोललो, ते आठवण्याचे काम मला इथे पुरेसे आहे.

खरे लिहायचे ते आता. पहारेकऱ्याला वाटले मला ठाऊक असेल, म्हणून तो सहज बोलून गेला. दांडा कोसळला तो मेहुण्यांच्या पायावर. ते पुढे धावले होते दोर सावरायला. तू दोनदा तेच सांगितलेस. त्यानंतरच्या दोन्ही पत्रांत लिहिलेस, 'हे बरे आहेत.' भिंतीवर तू उभी होतीस हे वाचून मी तुझे धैर्य पाहिले, शाकोच्या त्या दुकानदारालाही वाचून दाखवले. तिथे उभे राहायचे मेहुण्यांनी, मग ते का नव्हते, हे विचारायचे मला सुचले नाही. कुठले अक्षर कुठे गळले ते लगेच ओळखणारा मी, माणूस गळलेला वाचू शकलो नाही.

मी आत यायचा आग्रह धरत नाही. मी एका शब्दाची शुद्धता राखायला गेलो आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. हे पत्र त्यांना वाचून दाखव. गाळू नकोस काही. तुला ती सवय आहे. त्यांना माझे तोंड पाहायचे नसेल तर नाव अजून घाटाला आहे, आणि नावाडी अजून काठावरच आहे, म्हणजे उद्यापर्यंत काही निघत नाही. तोवर मी या बाकावर बसून आहे.

दादा


त्याच दिवशी
यंत्रशाळा

दादा,

मी पत्रे लिहीत नाही, ते काम ही करते. आज ती म्हणाली, तुम्हीच लिहा, मी काय लिहिलं तरी आता ते खोटं वाटेल त्यांना.

दांडा ओल्या लाकडाचा होता. नवे झाड तोडून वाळू न देता मीच बांधला, वेळ नव्हता म्हणून. तो त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी मोडलाच असता. ही म्हणते, तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी असे लिहितो आहे. तिला लाकडातले कळत नाही.

पाय गुडघ्याखाली गेला. मी आता बसून काम करतो. बसल्यावर यंत्र खालून दिसते, आणि खालून पुष्कळ कळते. उभा होतो तेव्हा हे कळत नव्हते.

कळले ते असे. 'सा' ठीक आहे. 'पो' ठीक आहे. 'हो' बायका देवळात लांबवतात, तसा इथेही लांबवतात. त्यामुळे दोर उशिरा सुटतात, दांड्याचा झटका मरतो आणि धोंडा असावा त्यापेक्षा अलीकडे पडतो. मनोऱ्याच्या दिवशी पहिला धोंडा त्यामुळेच अलीकडे पडला. माणसे वाढवण्याची गरज नव्हती. अक्षर आखूड करायला हवे होते. मी छ्वे काकूंना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "'हो' म्हणजे 'हो'. त्यात लांब काय नि आखूड काय?"

अक्षर लांब कुठे होते, आखूड कुठे, आणि ते लोकांच्या तोंडी कसे बसवायचे, हे जाणणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. तुमचा शब्द नको. आमचाच शब्द, त्याचे शेवटचे अक्षर तेवढे तुमच्या पद्धतीने.

चौकीवर निरोप धाडला आहे. पहारेकरी आता शब्द विचारणार नाही. शेवया टाकल्या आहेत. आईने तुमच्यासाठी मुळा काढून ठेवला आहे. काकूंना तुम्ही कोण ते मी सांगितलेले नाही, तेवढे तुम्ही सांगा, आणि जरा लांब उभे राहून सांगा.

वसंतात नदीचे पाणी उतरले की ते पुन्हा येतील. त्याआधी 'हो' ऱ्हस्व झाला पाहिजे.

गे शीमिन